थ्रीडी लेझर स्कॅनमध्ये रंग खरा कसा पकडायचा?

रंगरेषा
नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय, शेवटी धागा काढतेच. आमचा छोटा गट रंगवलेल्या जुन्या लाकडी मुखवट्यांचं थ्रीडी डॉक्युमेंटेशन करतोय. मुखवटे ज्या खोलीत आहेत तिच्या भिंतींवरही चित्रं आहेत. खोली ट्रायपॉडवरच्या लेझर स्कॅनरने आणि मुखवटे हातात धरायच्या स्कॅनरने, असं चाललंय. आकार इतका सुंदर येतोय की लाकडावर छिन्नी कुठून कुठे फिरली ते दिसतं.

पण रंग! एका मुखवट्याच्या कपाळावर गडद, किंचित किरमिजीकडे झुकणारा लाल आहे, तो स्क्रीनवर चक्क विटकरी होतो. भिंतीवरचा निळा एका स्टेशनवरून (स्कॅनर ठेवायच्या जागेवरून) जांभळट येतो आणि दुसऱ्यावरून राखाडी, मग दोन स्कॅन जोडले की भिंतीच्या मधोमध उभा पट्टा उमटतो, जो मुळात तिथे नाहीच. स्कॅनरच्या माहितीपत्रकात आकाराची अचूकता मिलिमीटरमध्ये दिलेली असते, रंगाबद्दल फक्त कॅमेरा किती मेगापिक्सेलचा ते लिहितात.

उद्या हे रंग उडाले तर तुलनेला हाच रेकॉर्ड उरणार आहे, म्हणून मला हे 'चालतंय की' म्हणून सोडवत नाही. तर प्रश्न असा की स्कॅनमधला रंग खरा आहे हे कशाच्या आधारावर म्हणायचं आणि तो मिळवायला सुरुवात कुठून करायची?

सर्वेवाला
चांगला विषय. माझं काम इमारतींचं, त्यामुळे माझं मत थोडं वेगळं आहे. लेझर स्कॅनर अंतर मोजायचं यंत्र आहे, रंग ही वरची सजावट. क्लायंटला पॉइंट क्लाउडमध्ये, म्हणजे मोजलेल्या बिंदूंच्या ढगात, खिडकी कुठली आणि पाइप कुठला हे कळलं की झालं. मी तर पुष्कळदा कॅमेरा बंदच ठेवतो, प्रत्येक स्टेशनचा वेळ वाचतो, आणि इंटेन्सिटीवर काम करतो. इंटेन्सिटीला उजेड लागत नाही, रात्री मिट्ट काळोखातही तशीच येते.

प्रश्नचिन्ह
इंटेन्सिटी म्हणजे ब्लॅक अँड व्हाइट फोटोच ना? मग त्यातून रंग काढता नाही का येणार? या विषयात नवीन आहे, सांभाळून घ्या.

बिंदुमेघ
@प्रश्नचिन्ह, दिसायला तशीच दिसते, पण तो फोटो नाही. इंटेन्सिटी म्हणजे लेझरचा किती प्रकाश परत आला त्याचा आकडा. ट्रायपॉडवरचे बरेच स्कॅनर १५५० नॅनोमीटरचा लेझर वापरतात, तो इन्फ्रारेड. आपल्या डोळ्याला साधारण ३८० ते ७५० नॅनोमीटर दिसतं, म्हणजे स्कॅनर ज्या प्रकाशात बघतोय तो आपल्याला दिसतच नाही. लाल आणि निळा असे दोन रंग शेजारी शेजारी असले तरी त्या तरंगलांबीला दोन्ही सारखेच पांढुरके येऊ शकतात. शिवाय अंतर वाढलं, कोन तिरका झाला की आकडा बदलतो. त्यातून रंग काढणं शक्य नाही.

मात्र @सर्वेवाला म्हणतात तसा तिचा उपयोग जबरदस्त आहे. पाणी १५५० ला प्रकाश भरपूर शोषतं, म्हणून ओल आलेला गिलावा इंटेन्सिटीमध्ये काळा डाग होऊन दिसतो, डोळ्याला भिंत कोरडी वाटत असली तरी. @रंगरेषा, तुमच्या चित्रांच्या भिंतींसाठी ती चॅनल जपून ठेवा, रंगासोबत तिचंही मोल आहे.

रंग येतो तो कॅमेऱ्यातून. स्कॅनर आधी बिंदू मोजतो, मग कॅमेरा गोल फिरून पॅनोरमा काढतो आणि सॉफ्टवेअर प्रत्येक बिंदूला फोटोतला पिक्सेल चिकटवतं. त्यामुळे तुमचा प्रश्न लेझरचा नसून फोटोग्राफीचा आहे, आणि सगळी गंमत आणि सगळा त्रास तिथेच आहे.

राखाडी
बिंदुमेघ यांना शंभर टक्के अनुमोदन. मी वस्तूंची फोटोग्राफी करतो, आता त्यातच स्कॅनिंग पण. फोटोग्राफीच्या बाजूने सांगतो, जरा लांबेल.

विटकरी लाल आणि जांभळट निळा, दोन्हीचं पहिलं कारण उजेड. खिडकीतून येणारा दिवसाचा उजेड ५५०० ते ६५०० केल्विन, ढगाळ असेल तर आणखी वर. खोलीत जुना पिवळा बल्ब असेल तर तो २७०० च्या आसपास. दोन्ही एकत्र असले की भिंतीचं एक टोक निळं, दुसरं पिवळं, आणि व्हाइट बॅलन्सचा (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून उजेडाचा रंग भरून काढणाऱ्या सेटिंगचा) एकच आकडा दोन्हीला लागू पडूच शकत नाही. डोळा आणि मेंदू ते आपोआप सांभाळून घेतात म्हणून तिथे उभं राहून जाणवत नाही. कॅमेरा सांभाळून घेत नाही.

त्यात व्हाइट बॅलन्स आणि एक्स्पोजर ऑटोवर असेल तर प्रत्येक स्टेशनला कॅमेरा नव्याने ठरवणार. दाराजवळच्या स्टेशनला बाहेरचा उजेड जास्त म्हणून फोटो अंधारा, कोपऱ्यातल्या स्टेशनला उजळ. तुमचा तो मधला उभा पट्टा बहुतेक याचाच. मॅन्युअल करा. यंत्रात ती सोय नसेल तर निदान 'ऊन', 'ढगाळ' असला एखादा पक्का पर्याय निवडून सगळ्या स्टेशनला तोच ठेवा.

दुसरं, दिव्यांची जात. एलईडी आणि ट्यूबलाइटच्या स्पेक्ट्रममध्ये खळगे असतात. दिव्याच्या प्रकाशात गडद लाल तरंगलांबी मुळातच कमी असेल तर त्या लालावरून परत काय येणार? सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० लिहिलेला दिवा बघून लोक निर्धास्त होतात, पण तो सरासरी आकडा आठ फिकट रंगांवरून काढतात, गडद लाल त्यात येतच नाही. त्यासाठी आर-९ नावाचा वेगळा आकडा असतो, दिवा घेताना तो बघायचा. तुमचा किरमिजी लाल तिथेच मार खातोय अशी मला दाट शंका आहे.

फोकस
आणि एचडीआरचं काय, म्हणजे कमीजास्त एक्स्पोजरचे फोटो (ब्रॅकेट) एकत्र करण्याचं? हल्लीच्या स्कॅनरमध्ये एचडीआर असतं की. लायका आरटीसी ३६० या स्कॅनरमध्ये तीन कॅमेरे आहेत, मिळून ३६ मेगापिक्सेल, पाच ब्रॅकेट घेतो, एकूण ४३२ मेगापिक्सेलचा कच्चा डेटा. मला तर त्याचे रंग फार आवडतात, खिडकीबाहेरची झाडं पण दिसतात आणि आतला कोपरा पण.

राखाडी
@फोकस, दिसायला सुंदर आणि मापाला खरा यात फरक करावा लागतो. ब्रॅकेट घेणं उत्तमच, त्याने सावलीतली आणि उजेडातली, दोन्हीकडची माहिती हातात येते. घोळ होतो त्यानंतर, टोन मॅपिंगमध्ये. सॉफ्टवेअर अंधारा भाग उचलतं, उजळ भाग दाबतं, आणि तेही चित्राच्या प्रत्येक भागात वेगळ्या प्रमाणात. एकाच रंगाचे दोन ठिपके, एक खिडकीजवळचा आणि एक कोपऱ्यातला, त्यांचं एकमेकांशी असलेलं नातं तिथे संपतं. फिरून बघायच्या व्हर्च्युअल टूरला छान आहे. दहा वर्षांनी रंग किती उडाला हे मोजायचं असेल तर चालणार नाही.

जुनी_भिंत
मी संवर्धनाच्या बाजूची, म्हणून @सर्वेवाला यांच्या 'सजावट' या शब्दाला मनापासून विरोध नोंदवते. भिंतीवरच्या चित्रात आकार जवळपास सपाट असतो, जे आहे ते रंगातच आहे. पापुद्रा सुटलाय का, क्षार वर आलेत का, जुन्या दुरुस्तीचा रंग मूळ रंगापेक्षा वेगळा पडलाय का, हे सगळं रंगातल्या बारीक फरकावरून कळतं. रंग चुकीचा असलेला स्कॅन माझ्यासाठी चुकीचं माप असलेल्या स्कॅनइतकाच निरुपयोगी आहे, उलट जास्त घातक, कारण पुढचा माणूस त्यावर विश्वास ठेवून रंग पुन्हा भरायला घेईल.

सर्वेवाला
@जुनी_भिंत, पटलं. शब्द मागे घेतो, पाइप आणि चित्र यात फरक आहे. मग मला हे सांगा, चित्रांच्या भिंतीला स्कॅनरचा कॅमेरा वापरायचाच कशाला? आकार स्कॅनरने घ्यायचा, रंग चांगल्या कॅमेऱ्याने वेगळा घ्यायचा.

तिसरी_मिती
नेमकं तेच आम्ही करतो. भिंतीचे एकमेकांवर चढणारे फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलीत) काढायचे, त्यातून फोटोग्रामेट्री, म्हणजे फोटोंवरून थ्रीडी आकार, आणि लेझर स्कॅन त्याच प्रोजेक्टमध्ये घालून दोन्ही एकत्र जुळवायचं. रिअ‍ॅलिटीस्कॅन (आधीचं नाव रिअ‍ॅलिटीकॅप्चर) या सॉफ्टवेअरमध्ये हे होतं. आकाराचा भरवसा लेझरवर, रंगाचा फोटोंवर. फोटो जोडायच्या आधी सगळ्या रॉ फाइलींचा रंग एकाच प्रोफाइलने (रंगदुरुस्तीच्या तक्त्याने) दुरुस्त करून घ्यायचा. सॉफ्टवेअरमधलं आपोआप रंग जुळवायचं बटण मात्र बंद. ते फोटो एकमेकांशी जुळवतं, खऱ्या रंगाशी नाही.

अजून एक. पॉइंट क्लाउडचा रंग आणि मेशवरच्या (बिंदू जोडून केलेल्या जाळीवरच्या) टेक्श्चरचा, म्हणजे तिच्यावर चढवलेल्या चित्राचा, रंग यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. दोन बिंदूंमधलं अंतर ३ मिलिमीटर असेल तर रंगाचा नमुनाही ३ मिलिमीटरला एक, मधली बारीक रेघ गायब. टेक्श्चर मेशच्या बारकाव्यावर अवलंबून नसतं, ४०९६ गुणिले ४०९६ चं एक टेक्श्चर म्हणजे १ कोटी ६७ लाख पिक्सेल, मग मेश हलकी असली तरी कुंचल्याचा केस न केस दिसतो.

प्रश्नचिन्ह
एक शंका. खांबाच्या कडेला मागच्या भिंतीवर खांबाचाच रंग सांडल्यासारखा दिसतो, एका डेमोमध्ये बघितलं होतं. ते पण व्हाइट बॅलन्समुळे?

बिंदुमेघ
नाही, ते पॅरलॅक्स. लेझर जिथून निघतो आणि कॅमेऱ्याची नजर जिथून सुरू होते त्या दोन जागा एक नसतील तर हे होतं. समजा दोन्हींत ५ सेंटिमीटरचं अंतर आहे. २ मीटरवरच्या वस्तूला ते जवळजवळ दीड अंशाचं, १० मीटरवर पाव अंशाच्या थोडं वर. म्हणजे जवळची वस्तू आणि लांबची भिंत फोटोत वेगवेगळ्या प्रमाणात सरकतात. बिंदूचं खरं अंतर धरून फोटो चढवला तर सरकणं दुरुस्त होतं, पण जो बिंदू लेझरला दिसला आणि कॅमेऱ्याला खांबाआड गेला त्याचं काय? त्याला खांबाचा रंग मिळतो. वरून वेगळा डीएसएलआर लावणार असाल तर नोडल हेड (कॅमेरा पुढेमागे सरकवता येणारा ट्रायपॉडचा माथा) वापरून लेन्सचा नो-पॅरलॅक्स बिंदू लेझरच्या केंद्रावर आणायचा, ती कटकट एकदाच करावी लागते. आणि शेजारच्या स्टेशनवरून तोच बिंदू स्वच्छ दिसत असेल तर रंग तिथून घ्यायचा.

मनमोर
थोडं अवांतर, पण राहवत नाही. रंग आणि लेझर म्हटलं की मला दोन प्रकल्प आठवतात. एक स्टॅनफर्डचा मायकेलअँजेलो प्रकल्प, मार्क लेवॉय आणि मंडळींनी १९९८-९९ मध्ये फ्लोरेन्समध्ये डेव्हिडचा पुतळा स्कॅन केला तो. रंगासाठी त्यांनी केलेली युक्ती इतकी साधी आणि इतकी हुशार आहे! स्कॅनरवर स्वतःचा पांढरा दिवा होता. एकाच जागेवरून एक फोटो दिवा लावून, एक दिवा बंद करून, आणि पहिल्यातून दुसरा वजा. खोलीतला सगळा परका उजेड वजाबाकीत निघून जातो, उरतो फक्त त्यांच्या दिव्याचा, ज्याचं अंतर आणि कोन त्यांना ठाऊक होता. मग त्यावरून पृष्ठभाग किती प्रकाश परत टाकतो ते काढलं. संगमरवराने मात्र त्यांनाही पिडलं, लेझर दगडात थोडा आत शिरून पसरतो.

दुसरा मोनालिसाचा. २००४ मध्ये कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या लोकांनी लूव्रमध्ये ते चित्र लाल, हिरवा आणि निळा अशा तिन्ही लेझरने स्कॅन केलं. आकार आणि रंग एकाच किरणातून! कॅमेरा नाही, पॅरलॅक्स नाही, खोलीतल्या उजेडाचा जवळपास संबंध नाही. माझ्या मते रंगाचं खरं उत्तर तेच आहे, बाकी सगळी ठिगळं.

राखाडी
@मनमोर, वजाबाकीची युक्ती मलाही फार प्रिय आहे, तिच्यावर परत येतो. पण आरजीबी लेझरबद्दल माझं मत वेगळं. लेझर म्हणजे अगदी अरुंद तरंगलांबी. तीन लेझर म्हणजे अख्ख्या स्पेक्ट्रममधल्या तीन ठिकाणी सुई टोचून बघणं. रंगद्रव्याचा वक्र त्या सुयांच्या मधे वर गेला की खाली आला ते कळत नाही. डोळ्याला वेगळी दिसणारी दोन द्रव्यं तीन लेझरला सारखी दिसू शकतात आणि उलटही. त्यामुळे तिथेही माहीत असलेल्या रंगांवरून कॅलिब्रेशन करावंच लागतं.

मनमोर
मान्य, कॅलिब्रेशन सुटत नाही. पण कॅमेऱ्याचे फिल्टर तरी कुठे डोळ्यासारखे आहेत? काही निळी द्रव्यं गडद लालाकडच्या टोकाला पुन्हा प्रकाश परत टाकतात. डोळा त्या टोकाला जवळपास आंधळा, सेन्सरचा लाल फिल्टर मात्र तसा आंधळा नाही, म्हणून निळा जांभळट होतो. धागाकर्तीच्या भिंतीचा निळा त्यातलाच असू शकतो. तिथे व्हाइट बॅलन्स कितीही फिरवा, करडा सुधारेल, निळा नाही.

राखाडी
हा मुद्दा अगदी बरोबर, माझ्याकडून राहिला होता. कोबाल्ट निळ्यात हे नेहमी दिसतं. व्हाइट बॅलन्स फक्त करडा करडा करतो, बाकीच्या रंगांसाठी प्रोफाइल लागतं, आणि त्यासाठी चार्ट, म्हणजे माहीत असलेल्या रंगांच्या चौकोनांचं कार्ड.

चार्टबद्दल लिहितो कारण लोक तो फ्रेममध्ये ठेवतात आणि पुढे काही करत नाहीत. २४ चौकोनांचा कलर चेकर १९७६ पासून आहे, खालची ओळ पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत. व्हाइट बॅलन्स पांढऱ्यावरून न घेता शेजारच्या फिकट करड्यावरून घ्या, पांढरा कुठल्या तरी चॅनलमध्ये फुटलेला (जास्त उजेडाने माहिती गेलेला) असण्याची भीती असते. चार्ट वस्तूच्या पातळीत, वस्तूवर पडतो तोच उजेड त्याच्यावर, आणि चमक येईल असा तिरका नाही. चौकोनांना बोट लावायचं नाही, काम झालं की परत पाकिटात, कारण तोही उजेडाने फिका पडतो. आणि नोव्हेंबर २०१४ नंतर बनलेल्या चार्टचे संदर्भ आकडे आधीच्यांपेक्षा वेगळे आहेत, मागे छापलेली तारीख बघून योग्य आकडे घ्या.

प्रोफाइल झालं की तपासणी. चार्टचे छापील लॅब (रंग मोजायची पद्धत) आकडे आणि तुमच्या फोटोतले आकडे यांच्यातलं अंतर म्हणजे डेल्टा ई. साधारण १ च्या खाली डोळ्याला फरक कळत नाही असं धरतात. हल्ली डेल्टा ई २००० हे सूत्र वापरतात, जुनं १९७६ चं गडद आणि भडक रंगांत फसवतं. ज्या चौकोनांवरून प्रोफाइल बनवलं त्यांच्यावरच तपासू नका, पेपर फोडून परीक्षा दिल्यासारखं होईल :) तपासणीला १४० चौकोनांचा दुसरा चार्ट घ्या. @रंगरेषा, तुमच्या 'कशाच्या आधारावर म्हणायचं' याचं माझं उत्तर हे. डेल्टा ई लिहून ठेवला, कुठल्या चार्टवर आणि कुठल्या दिव्यात काढला ते लिहून ठेवलं, की तो रंग मोजलेला झाला. एरवी ते आपलं मत.

सावली
सगळं वाचतेय, खूप शिकायला मिळतंय. मी गेम्ससाठी मॉडेल्स करते, आमच्याकडे या गोष्टीला वेगळं नाव आहे पण दुखणं तेच. फोटोतून आलेल्या टेक्श्चरमध्ये सावली भाजून बसलेली असते. मुखवट्याच्या नाकाखालची सावली टेक्श्चरमध्ये आली आणि मग मी सीनमध्ये दिवा खालून लावला तर नाकाखाली उजेड पण पडतो आणि काळं पण दिसतं. आम्हाला अल्बेडो हवा असतो, म्हणजे उजेड, सावली, चमक सगळं काढून टाकलेला नुसता पृष्ठभागाचा रंग. मला वाटतं धागाकर्तीला पण तेच हवंय, फक्त वेगळ्या कारणासाठी.

तिसरी_मिती
@सावली, हो. आणि अल्बेडो नंतर सॉफ्टवेअरने काढण्यापेक्षा फोटो काढतानाच मिळवणं कितीतरी सोपं. त्यासाठी क्रॉस पोलरायझेशन. दिव्यावर पोलरायझर फिल्म (एकाच दिशेने कंपन करणारा प्रकाश जाऊ देणारी), लेन्सवर पोलरायझर, एकमेकांना ९० अंशात. पृष्ठभागावरून सरळ उसळलेली चमक दिव्याची दिशा टिकवून येते म्हणून लेन्सवर अडते, रंगात शिरून विखुरलेला प्रकाश दिशा विसरून येतो म्हणून आत जातो. वार्निशखालचा रंग असा वर येतो की पहिल्यांदा बघणारा माणूस ओल्या कापडाने पुसलं का विचारतो. उजेड मात्र बराच खर्च होतो, दोन-तीन स्टॉप सहज (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), म्हणून फ्लॅश जोरदार हवा.

प्रश्नचिन्ह
मुखवटा हातातल्या स्कॅनरने करताना त्याचा स्वतःचा फ्लॅश असतो ना, मग तोच का नाही चालणार? आणि काळ्या चकचकीत भागावर पांढरा स्प्रे मारतात असं ऐकलंय.

तिसरी_मिती
त्याचा फ्लॅश लेन्सच्या अगदी शेजारी असतो, त्यामुळे समोरच्या चकचकीत भागावर पांढरा ठिपका येतोच, आणि मधोमध उजळ, कडेला मंद. आकार त्याच्याकडून घ्यावा, रंग वेगळ्या फोटोंतून. स्प्रेचं म्हणाल तर काही स्प्रे काही तासांत हवेत उडून जातात, पण मारलेला असताना रंग पांढराच येणार, म्हणून क्रम कायम आधी फोटो, मग स्प्रे.

जुनी_भिंत
कृपा करून! जुन्या रंगवलेल्या लाकडावर कुठलाच स्प्रे नको, उडून जाणारा असला तरी. सुटलेले पापुद्रे ओलसर फवाऱ्याने हलतात आणि विद्रावक रंगाचं काय करेल हे आधी सांगता येत नाही. काळ्या भागात थोडी भोकं राहिली तर राहू देत, फोटोग्रामेट्रीतून भरता येतात. रंगांवर किती वेळ किती तीव्र दिवा पडतो त्याचाही हिशेब ठेवा. सतत चालू असलेल्या दिव्यांपेक्षा मला फ्लॅश बरा वाटतो, एकूण प्रकाश कमी पडतो.

रंगरेषा
बाप रे, एवढं सगळं! सगळ्यांचे मनापासून आभार. स्प्रेचा विचारही करत नाही, @जुनी_भिंत ताई, निश्चिंत राहा.

राखाडी, वजाबाकीच्या युक्तीवर परत येतो म्हणाला होतात. खोलीच्या खिडक्या पूर्ण झाकता येत नाहीत आम्हाला, वरच्या झरोक्यांतून उजेड येतोच. तिथे ती कशी वापरायची?

राखाडी
फ्लॅश वापरून. वजाबाकी करायचीही गरज पडत नाही. कॅमेऱ्याचा शटर सिंकच्या मर्यादेवर (फ्लॅशसोबत चालेल अशा सगळ्यात जलद वेगावर) ठेवा, १/२०० च्या आसपास, आयएसओ १००, छिद्र एफ ८ ते एफ ११. आता फ्लॅश बंद ठेवून त्याच सेटिंगवर एक फोटो काढा. तो काळाठिक्कर आला पाहिजे. आला, तर झरोक्यातला उजेड तुमच्या चित्रात शिरतच नाहीये आणि सगळा रंग फक्त फ्लॅशच्या प्रकाशातला आहे, जो दर फोटोला जवळपास सारखा असतो. काळ्यात काही पुसट दिसलं तर फ्लॅश वाढवा आणि छिद्र लहान करा, किंवा ऊन उतरल्यावर काम करा. तेही जमत नसेल तर मग तो दिवा बंदचा फोटो वजा करायचा, रॉमधून, गॅमा (स्क्रीनसाठीचा उजळपणाचा बदल) न लावलेल्या आकड्यांवर, जेपेगवर नाही.

दोन बारीकसारीक गोष्टी. एक, वस्तूच्या जागी सपाट करडा बोर्ड ठेवून एक फोटो घ्या, त्यावरून दिव्याची असमानता आणि लेन्सचे अंधारे कोपरे दुरुस्त होतात. दुसरी, काम करताना काळे किंवा करडे कपडे. लाल शर्ट घालून पांढऱ्या भागाशेजारी उभं राहिलात तर ते पांढरं गुलाबी येतं. जमीन रंगीत असेल तर भिंतीच्या पायथ्याशी काळं कापड अंथरा.

सर्वेवाला
एक तांत्रिक गोष्ट माझ्याकडून, ही माझ्या गल्लीतली आहे. एवढं करून रंग फाइलीत नीट उतरतोय का बघा. लॅस या पॉइंट क्लाउडच्या फाइल फॉरमॅटमध्ये आरजीबी १६ बिटचे, म्हणजे ६५,५३५ पर्यंत. काही सॉफ्टवेअर ८ बिटचे आकडे, ० ते २५५, २५६ ने न गुणता तसेच भरतात आणि दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडलं की अख्खा क्लाउड काळा दिसतो. डेटा खराब झालेला नसतो, फक्त मोजपट्टी चुकलेली असते. आणि लॅस काय, पीएलवाय हा दुसरा फॉरमॅट काय, कलर प्रोफाइल ठेवायला त्यात ठरलेली जागा नाही. अडोबी आरजीबीतले (जास्त रंग मावणाऱ्या मोजपट्टीतले) आकडे भरलेत आणि बघणाऱ्याने एसआरजीबी (नेहमीच्या स्क्रीनची मोजपट्टी) धरले तर सगळं फिकं दिसणार. बाहेर द्यायच्या प्रतीत एसआरजीबी, मूळ रॉ जपून, आणि काय केलंय ते सोबतच्या साध्या टेक्स्ट फाइलीत.

फोकस
आणि मॉनिटर! कॅलिब्रेट न केलेल्या स्क्रीनवर बघून कुणी लाल 'सुधारायला' गेलं तर वरची सगळी चर्चा वाया. डोळ्याने नाही, आकड्याने तपासा.

जुनी_भिंत
आकड्याने तपासा हे ठीक, पण डोळा अगदीच बाद करू नका हो. फाक्तुम आर्ते या संस्थेने तुतानखामेनच्या कबरीची प्रतिकृती केली, २०१४ मध्ये ती बसवली. त्यांच्याकडे स्कॅनर होते, कॅमेरे होते, तरी त्यांनी कबरीत बसून, भिंतीशेजारी धरून, हाताने रंग मिसळत रंगाच्या पट्ट्या तयार केल्या आणि छपाई त्या पट्ट्यांशी जुळवली. म्हणजे संदर्भ म्हणून त्याच भिंतीचा, त्याच उजेडातला जुळवलेला नमुना. विकतचा चार्ट कितीही चांगला असला तरी त्याचे २४ रंग तुमच्या भिंतीचे रंग नाहीत.

राखाडी
@जुनी_भिंत, हे तर सोनं सांगितलंत. पोर्टेबल स्पेक्ट्रोफोटोमीटर (रंग आकड्यात मोजणारं उपकरण) मिळाला तर तेच काम आकड्यात होतं, भिंतीवरच्या काही पक्क्या जागा मोजायच्या आणि फोटोतल्या त्याच जागांशी ताडायच्या. फक्त तो बहुधा पृष्ठभागावर टेकवावा लागतो, तेव्हा कुठे टेकवायचा ते तुम्हीच सांगायचं.

रंगरेषा
परत आले, थोडं करून बघितलं म्हणून. उसना फ्लॅश, दोन्हीकडे पोलरायझर, खिडक्यांवर जमेल तेवढं काळं कापड. फ्लॅश बंदचा फोटो खरंच काळा आला. प्रोफाइल करून दुसऱ्या चार्टवर तपासलं तर सरासरी डेल्टा ई दोनच्या आत, सगळ्यात वाईट चौकोन गडद निळा. मुखवट्याचा लाल आता किरमिजीकडे झुकतोय! कपाळावर मधोमध लालाखाली आधीचा एक केशरी थर डोकावतो, तो विटकरी स्कॅनमध्ये लालात विरघळून गेला होता, आता त्याची कड स्पष्ट दिसतेय. भिंतीवरचा पट्टा पण गेला.

एकच अडलंय. मुखवट्याच्या मुकुटाला सोनेरी वर्खाची किनार आहे, ती क्रॉस पोलरायझेशनमध्ये मातकट काळी येतेय. असं का?

तिसरी_मिती
अभिनंदन! सोन्याचं तसंच होणार. धातूत प्रकाश आत शिरून विखुरत नाही, धातूचा रंग म्हणजे त्याची रंगीत चमकच, आणि क्रॉस पोलरायझेशन नेमकी तीच अडवतं. त्या किनारीसाठी कॅमेरा न हलवता दोन फोटो घ्या, एक ९० अंशात आणि एक लेन्सचा पोलरायझर फिरवून समांतर. पहिला लाकडाच्या रंगासाठी, दुसऱ्यातून वर्खाचा. किनारीचा मास्क करून मॉडेलमध्ये तेवढा भाग धातू म्हणून वेगळा द्यायचा. आणि वर्ख प्रत्येक कोनातून वेगळा दिसतो, तेव्हा दिवा एका बाजूने फिरवत पाच-सहा फोटो त्या भागाचे जास्तीचे काढून ठेवा, आत्ता मॉडेलमध्ये वापरले नाहीत तरी.

मनमोर
आणि चार्टसुद्धा दोन्ही स्थितीत वेगळा काढा, पोलरायझर फिरवला की एक्स्पोजर बदलतं.

रंगरेषा
हे उद्याच करते. समांतरच्या फोटोला प्रोफाइल पण वेगळं बनवायचं का, की तेच चालेल?

राखाडी
वेगळं बनवा. पोलरायझर फिल्म स्वतःचा थोडा रंग टाकते आणि क्रॉस आणि समांतर स्थितीत तो सारखा नसतो, गडद निळ्यात तर फरक लगेच दिसतो. फाइलींच्या नावातच 'क्रॉस' आणि 'समांतर' लिहा म्हणजे प्रोफाइलची अदलाबदल होणार नाही.